मुलगी मालिकेत जायचं म्हणते: सोलापूरच्या एका आईला उत्तर

ताई, तुमचा प्रश्न वाचला. मुलगी वीस वर्षांची, बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला. विद्यापीठाच्या युवा महोत्सवात एकांकिकेला बक्षीस मिळालं आणि तेव्हापासून तिनं मुंबईचा ध्यास घेतलाय. त्यात कुणीतरी फोनवर 'नव्या मालिकेत नायिकेच्या बहिणीचा रोल पक्का' असं सांगून पोर्टफोलिओ आणि 'आर्टिस्ट कार्ड'साठी ३५,००० रुपये मागतोय. तिचे वडील घरात बोलेनासे झालेत. आणि तुम्ही विचारताय की मालिकेत काम करणाऱ्या बायकांचं आयुष्य खरोखर असतं तरी कसं.

मी सोलापूरच्याच अशोक चौकातली. वडील पॉवरलूमवर होते. २००६ साली पहिली मालिका केली, तेव्हापासून अकरा झाल्या. त्यातल्या एकाही मालिकेच्या पोस्टरवर मी मधोमध नव्हते. नणंद, जाऊ, ऑफिसातली कपटी मैत्रीण, आणि आता आई. त्यामुळे माझं उत्तर नायिकेचं नाही. या धंद्यात पोट भरणाऱ्या बाकीच्या बायकांचं आहे, आणि त्याच जास्त आहेत.

आधी त्या ३५,००० चं. भरू नका. भरले असतील तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर आजच्या आज तक्रार करा. पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत अडवले गेले तरच परत येण्याची आशा असते. एकोणीस वर्षांत मला काम देणाऱ्या एकाही माणसानं माझ्याकडून पैसे घेतले नाहीत. मध्ये कोऑर्डिनेटर असतो, तो त्याची टक्केवारी घेतो, पण काम झाल्यावर आणि चेक आल्यावर. 'आर्टिस्ट कार्ड' म्हणजे कलाकारांच्या संघटनेचं सभासदत्व. सिंटा ही आपली संघटना. तिच्याकडे स्वतः अर्ज करायचा असतो. कुणा तिऱ्हाइताच्या यूपीआयवर पैसे टाकून ते मिळत नाही.

आणि 'रोल पक्का' हे तर फोनवर कुणी बोलूच शकत नाही. आधी ऑडिशन होते. त्यातून चार-पाच मुली निवडतात. त्यांचे व्हिडिओ वाहिनीकडे जातात, कारण मालिका निर्मिती संस्था बनवत असली तरी शेवटचा शब्द वाहिनीचा असतो. मग लुक टेस्ट: साडी, केस, टिकली, कधी नायकाशेजारी उभं करून उंची. मोठ्या रोलसाठी मॉक शूट, म्हणजे चाचणीचं चित्रीकरणही होतं. एवढं सगळं होऊन 'लॉक' झालेल्या मुलीला शूटिंगच्या दोन दिवस आधी बदललेलं मी पाहिलंय. मलाही एकदा तसंच बदललं होतं. साडीचं माप देऊन सोलापूरला आले, गल्लीत पेढे वाटले, आणि चौथ्या दिवशी दुसरीच मुलगी प्रोमोत दिसली. पेढे वाटायची घाई करू नका, एवढं त्यातून शिकले.

आता कामाविषयी. पहिल्या मालिकेच्या वेळी आमच्या वडिलांनी मला दोनच प्रश्न विचारले होते. 'दिवसाचे किती?' आणि 'खाडा धरतात का?' मला तेव्हा वाईट वाटलं होतं, कलेविषयी काहीच कसं विचारलं नाही म्हणून. आज वाटतं, मुंबईतल्या कुणाहीपेक्षा त्यांनाच हा धंदा आधी कळला होता. मालिकेतलं काम रोजावरचं आहे. महिन्याचा पगार नसतो, 'पर डे' असतो. ज्या दिवशी तुमचा सीन, त्या दिवशी पैसे. सीन नाही, खाडा.

पूर्वी हे असं नव्हतं. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं. पुढं कित्येक वर्षं मराठी मालिका म्हणजे आठवड्यातून एकदा आणि तेरा भागांची. तेवढ्यावर घर चालणं शक्य नव्हतं, म्हणून त्या पिढीतले कितीतरी नट बँकेत, सरकारी कचेरीत नोकरी करत. १९९९ मध्ये अल्फा मराठी वाहिनी आली, २००० मध्ये ई टीव्ही मराठी, २००८ मध्ये स्टार प्रवाह. रोजच्या मालिका सुरू झाल्या. 'चार दिवस सासूचे' २००१ पासून २०१३ पर्यंत चालली आणि तिचे तीन हजारांवर भाग झाले. एवढा मोठा माग चालवायला माणसं लागतात. त्या मागणीमुळेच माझ्यासारख्या सोलापूरच्या मुलीला दार उघडलं गेलं, माझ्या गुणांमुळे फार नाही.

रोजच्या मालिकेचं गणित असं. अर्ध्या तासाच्या एका भागात जाहिराती वजा जाता बावीस मिनिटांच्या आसपास मजकूर लागतो. आठवड्याला सहा भाग म्हटले तर महिन्याला सव्वीस. म्हणजे युनिटनं रोज जवळपास एक भाग उतरवलाच पाहिजे. आधी चित्रित करून ठेवलेल्या भागांना आमच्यात 'बँक' म्हणतात. बँक आठ-दहा भागांची असेल तर सेटवर लोक हसताना दिसतात. बँक संपली की सकाळी शूट केलेलं रात्री टेलिकास्ट. मग शिफ्ट कागदावर बारा तासांची असली तरी ती कधी संपेल हे कुणी सांगत नाही.

दिवस कसा जातो ते सांगते, कारण मुलीला हेच कुणी सांगत नाही. सातचा कॉल टाइम असेल तर पाचला उठायचं. सेट घोडबंदर रोडला, मढला, नायगावला, नाहीतर गोरेगावच्या फिल्मसिटीत. खोली जिथं परवडते तिथं. पोहोचलं की मेकअप आणि केसांना तासभर. नायिकेला स्वतंत्र खोली, बाकी आम्ही चौघी-पाचजणी एका खोलीत, एका कूलरसमोर. मग सीनची पानं येतात. कधी आदल्या रात्री मोबाइलवर, पुष्कळदा तिथंच, शाई ओली म्हणावी अशी. राज्य नाट्य स्पर्धेसाठी आपण दीड महिना तालीम करतो. इथं तीन पानांचा सीन पाठ करायला पंधरा-वीस मिनिटं, तीही केस ओढले जात असताना.

त्यात सीन गोष्टीच्या क्रमानं घेत नाहीत. स्वयंपाकघराला लाइट लावलेत ना, मग तीन वेगवेगळ्या भागांतले स्वयंपाकघरातले सगळे सीन एका दमात. सकाळी नऊला मी दीर गेला म्हणून ऊर बडवून घेत होते आणि साडेदहाला त्याच दिराच्या साखरपुड्याचे लाडू वळत होते, कारण ते दृश्य आधीच्या भागातलं. कंटिन्युइटी बघणारी मुलगी मोबाइलमधले फोटो दाखवून सांगते: टिकली लाल होती, पदर डाव्या हातावर होता, एक बट बाहेर होती. बट ती लक्षात ठेवते. मनात काय चाललं होतं ते मात्र आपलं आपण लक्षात ठेवायचं. मी पानाच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं एकच शब्द लिहायची: 'संशय', 'भूक', 'पाय दुखतायत'. अजून लिहिते.

रडण्याचं एक सांगू दे. पहिल्या मालिकेत मी मास्टर शॉटमध्ये, म्हणजे सगळं कुटुंब दिसतं त्या लांबच्या शॉटमध्ये, धाय मोकलून रडले. सगळ्यांनी वाहवा केली. मग कॅमेरा जवळ आला, एकेकाचे क्लोज सुरू झाले, माझी पाळी येईपर्यंत दीड तास गेला आणि डोळे कोरडे ठणठणीत. ग्लिसरीन घालावं लागलं. माझ्या सासूचं काम करणाऱ्या बाई तेव्हा शेजारी स्वेटर विणत बसल्या होत्या. म्हणाल्या, 'अगं, रडू जपून खर्च करावं.' त्यानंतर मास्टरला मी फक्त आवाज रडवते आणि डोळे क्लोजसाठी शिल्लक ठेवते. लोक मालिकेतल्या अभिनयाला हसतात, ते तीन-तीनदा चेहऱ्यावर जाणारे धक्के वगैरे. हसू देत, माझीही त्याला ना नाही. पण सीन संपल्यावर 'आता सगळ्यांचे लुक्स देऊन टाका' म्हटलं की समोर कुणी नसताना, भिंतीवर चिकटवलेल्या टेपच्या तुकड्याकडे बघून धक्का, मग संशय, मग हळूच हसू, असं ओळीनं देऊन बघा. तेही कौशल्य आहे. कुठल्या शाळेत शिकवत नाहीत इतकंच.

लग्नाचा ट्रॅक आला की पडद्यावर आठवडाभर एक लग्न चालतं. शूटिंगला आठ-नऊ दिवस. त्या आठ-नऊ दिवसांत तीच नऊवारी, तेच दागिने, तोच गजरा पुन्हा पुन्हा ताजा करून. मेमध्ये मढला एका बंगल्यावर आम्ही असं लग्न लावलं होतं. मानेवर ठुशीचे वळ उमटले होते ते पावसाळ्यापर्यंत गेले नाहीत. पाळीचे दिवस, आउटडोअरला स्वच्छतागृह नसणं, उपाशीपोटी लाइटखाली उभं राहणं, याची तयारी मुलीची आहे का हे तिला विचारा. न लाजता विचारा.

आता वडिलांचा पहिला प्रश्न: दिवसाचे किती. मला सुरुवातीला १,५०० मिळायचे. आज नव्या मुलीला लहान रोलला किती मिळतात ते मालिकेवर, वाहिनीवर आणि तुमच्या बोलण्यावर ठरतं, म्हणून समजायला एक आकडा घेऊ. समजा दिवसाला ३,००० ठरले आणि महिन्यात १४ दिवस काम लागलं. झाले ४२,०००. कोऑर्डिनेटरचे १५ टक्के, म्हणजे ६,३०० गेले. टीडीएस, म्हणजे देतानाच कापून घेतात तो कर, १० टक्के, ४,२०० कापला (तो विवरणपत्र भरलं की बऱ्याचदा परत मिळतो, पण भरलं तर). उरले ३१,५००. आणि आता जे सांगते ते अधोरेखित करून ठेवा: हे पैसे त्या महिन्यात येत नाहीत. आमच्याकडे ९० दिवसांची पद्धत आहे. जूनमध्ये केलेल्या कामाचं बिल जुलैच्या पहिल्या आठवड्यात द्यायचं, तिथून ९० दिवस मोजायचे. म्हणजे ऑक्टोबर. जून ते ऑक्टोबर खोलीभाडं, डिपॉझिट, रिक्षा, डबा हे सगळं कुठून? माझ्या वेळी आईनं पाटल्या मोडल्या. लोकांना टीव्हीवर दिसत होते आणि खोलीवर मुरमुरे खात होते, दोन्ही एकाच वेळी.

एका मालिकेचे तर शेवटच्या तीन महिन्यांचे पैसे मला अजून यायचेत. नाव घेत नाही. ती संस्था आता त्या नावानं अस्तित्वातही नाही. तेव्हापासून मी दर महिन्याला किती दिवस काम झालं ते वहीत लिहून त्या पानावर प्रॉडक्शनच्या माणसाची सही घेते. सेटवर थट्टा होते, होऊ दे. वडिलांच्या कारखान्यातही मुकादमाकडं एक वही असायची आणि वडिलांच्या खिशात दुसरी.

पण ताई, पैसे उशिरा येणं हेही सोसता येतं. खरा प्रश्न दुसराच आहे. मागावरचा बीम, म्हणजे ताण्याच्या सुताचा रूळ, संपला की नवीन बीम चढून ताणा सांधला जाईपर्यंत माग बंद असतो आणि माग बंद म्हणजे मजुरी बंद. आपल्या सोलापूरच्या पूर्व भागातल्या कुठल्याही मागवाल्या घराला हे सांगावं लागत नाही. मालिकेतल्या बाईचं आयुष्य हा बीम संपण्यावर आणि चढण्यावर ठरतं. मी एकदा बसून हिशेब केला. एकोणीस वर्षांपैकी कॅमेऱ्यासमोर मी साधारण अकरा वर्षं होते. उरलेली आठ वर्षं दोन कामांच्या मध्ये गेली. सलग नव्हे, कधी चार महिने, कधी सात, एकदा पावणेदोन वर्षं. मुलाखतीत त्या अकरा वर्षांविषयी विचारतात. टिकणारी बाई आणि परत जाणारी बाई यांच्यातला फरक मात्र त्या आठ वर्षांत पडतो.

आणि बीम कधी संपेल हे आपल्या हातात नसतं. बार्क नावाची संस्था देशभरात निवडलेल्या घरांत मीटर बसवून कोण काय बघतंय ते मोजते. आकडे आठवड्याला येतात, गुरुवारी. गुरुवारी सेटवर पाऊल टाकलं की क्रिएटिव्हच्या, म्हणजे गोष्टीची दिशा बघणाऱ्या माणसाच्या, चेहऱ्यावरून कळतं आकडे कसे आलेत. घसरले की आधी ट्रॅक बदलतात, मग लीप घेतात, म्हणजे गोष्ट एकदम काही वर्षं पुढं नेतात, मग रात्री आठची मालिका दुपारी एकवर टाकतात, मग निरोप. माझ्या एका पात्राला लंडनला पाठवलं होतं. मला ते त्या दिवशीच्या पानांवरून कळलं, बॅग भरतानाचा सीन होता. सगळ्यांनी विचारलं, 'परत कधी येणार?' पात्र कधी परत आलंच नाही. घरी सोलापुरात शेजारणी कितीतरी दिवस विचारत होत्या की लंडनहून अजून कशी आली नाही.

मार्च २०२० मध्ये तर सगळेच माग एकदम थांबले. जूनच्या अखेरीपासून हळूहळू सेट उघडले, पण ६५ वर्षांवरच्या कलाकारांना सेटवर यायला बंदी होती. ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयानं ती अट रद्द केली. मधल्या काळात मालिकांमधले आजी-आजोबा गायब झाले ते प्रेक्षकांना गमतीचं वाटलं असेल. त्या आजींपैकी दोघींना मी ओळखते. त्यांच्यासाठी ते रोजाचे पैसे म्हणजे औषधं होती.

मग त्या मधल्या काळात करायचं काय? मी डबिंग केलं, त्याला चेहरा लागत नाही, वय लागत नाही, फक्त आवाज आणि शिस्त. नाटकं केली, तिथं प्रयोगाला 'नाइट' मिळते आणि ती त्याच रात्री किंवा आठवड्यात हातात पडते. सुपाऱ्या घेतल्या. दुकानाचं उद्घाटन, हळदीकुंकू, नवरात्रात बायकांचे खेळ. लोक सुपारीला नाक मुरडतात, मी नाही मुरडत. मालिका चालू असताना लोक तोंडावरून ओळखतात ते दोन-तीन वर्षंच. तेवढ्यात चार पैसे बाजूला टाकले तर पुढचा मोकळा काळ निघतो. आणि सोलापुरात परत येऊन मी दोनदा चक्क एका शिकवणीत मराठी आणि इतिहास शिकवला. पोरं मागच्या बाकावरून मालिकेतला माझा डायलॉग मारायची. महिन्याच्या महिन्याला पगार मात्र पाच तारखेला हातात.

भाषेचं एक सांगायचं राहिलं. पहिल्या ऑडिशनला मी 'काय करायलीस गं?' असं सहज बोलून गेले आणि खोलीत हशा पिकला. पानी-पाणी, लोनी-लोणी. सोलापूरच्या कानांवर मराठीसोबत कन्नड, तेलुगू, उर्दू सगळंच पडलेलं असतं, त्यामुळे आपला हेल वेगळा. तो घालवायला मी आठ महिने रोज पेपरातला अग्रलेख मोठ्यानं वाचला. घालवला. आणि मग २०१६ मध्ये 'तुझ्यात जीव रंगला' कोल्हापूरकडं चित्रित व्हायला लागली, पुढच्या वर्षी 'लागिरं झालं जी' साताऱ्याकडं, आणि वाऱ्याची दिशाच फिरली. आता सगळ्यांना 'गावरान' हवं होतं! पण त्यांना हवं असलेलं गावरान बहुतेक वेळा मुंबईत बसून लिहिलेलं, सगळ्या जिल्ह्यांना मिळून एकच. मी एकदा म्हटलं, पात्र सोलापूरचं आहे, ते 'काय बे' म्हणेल. उत्तर मिळालं, 'बे' नको, प्रेक्षकांना शिवी वाटेल. तर मुलीला सांगा, प्रमाण मराठी पक्की कर, पण आपली बोली टाकू नकोस. दोन्ही कपाटात असू देत. कुठली कधी काढावी लागेल सांगता येत नाही.

वयाचं. नायिका म्हणून वीस ते तीस धरा. बत्तिसाव्या वर्षी मला पहिल्यांदा आईचं काम आलं आणि माझा पडद्यावरचा मुलगा माझ्याहून पाच वर्षांनी लहान होता. दोन दिवस मी फोनच घेतला नाही. तिसऱ्या दिवशी हो म्हटलं. तीच मालिका सर्वांत जास्त चालली. आपल्याच सोलापुरात १९३२ साली जन्मलेल्या शशिकलाबाईंकडं बघा. लहानपणी रंगमंचावर, मग मुंबई, मग हिंदी सिनेमा. त्यांचं नाव झालं ते खलनायिका आणि सहनायिका म्हणून. सहाय्यक अभिनेत्रीची दोन फिल्मफेअर मिळाली, पुढं टीव्हीवरही कामं केली, २००७ मध्ये पद्मश्री. नायिकाच व्हायचं असा हट्ट धरला असता तर एवढी वर्षं दिसल्या असत्या असं मला वाटत नाही.

तुम्ही विचारलंय, लोक वाईट नजरेनं बघतात का. काही बघतात, मुंबईत आणि इथंही. कामाच्या ठिकाणच्या छळाविरुद्ध २०१३ चा कायदा आहे आणि तो सेटलाही लागू होतो; दहा किंवा जास्त माणसं कामाला असतील तिथं तक्रार समिती असायलाच हवी. मुलीनं पहिल्याच दिवशी, काही घडायच्या आधी, समितीवर कोण आहे ते विचारून घ्यावं. नुसत्या विचारण्यानं काही लोक सरळ वागायला लागतात. ऑडिशन ऑफिसात किंवा स्टुडिओत, दिवसा. हॉटेलच्या खोलीत बोलावलं तर ते ऑडिशन नव्हे. करार इंग्रजीत असतो आणि घाईत समोर ठेवतात. घरी आणून वकिलाला दाखवायचा. महिन्याला किती दिवसांच्या कामाची हमी आहे, या काळात दुसरीकडं काम करायला मनाई आहे का, आणि करार मोडायचा हक्क दोघांना आहे की एकट्या त्यांनाच, एवढं बघितलं तरी पुरे. दिवसांची हमी न देता दुसरीकडं काम करायला मनाई असेल तर सही करू नये. मी केली होती. ती पावणेदोन वर्षं त्यातलीच.

आणि सोलापूरच्या लोकांचं म्हणाल तर एक आठवण. कपटी नणंदेचं काम चालू असताना मी विडी घरकुलात, विडी कामगारांच्या वसाहतीत, एका हळदीकुंकवाला गेले होते. ओट्यावर चार-पाच जणी सुपात पानं-तंबाखू घेऊन विड्या वळत बसलेल्या, घरात टीव्ही चालू. सगळ्या तेलुगू बोलणाऱ्या. एका आजींनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, विडी वळायची न थांबवता म्हणाल्या, 'त्या पोरीला किती छळती तू. उद्या माफी माग.' मी म्हटलं, आजी, ते लेखक लिहितो. त्या म्हणाल्या, 'मग तू कशाला बोलती?' याला माझ्याकडं आजही उत्तर नाही.

आता तुमच्या मुलीनं काय करावं. बी.कॉम. पूर्ण करावं, मालिका कुणाच्या परीक्षेसाठी थांबत नाही, म्हणून परीक्षा आधी. शिवाय टीडीएस, बिलं, वर्षाची कमाई २० लाखांवर गेली की जीएसटी, हे सगळं तिला स्वतःला कळेल, जे मला चाळिशीत कळलं. या वर्षी राज्य नाट्य स्पर्धेत एखाद्या संघात उभं राहावं, रोल दोन वाक्यांचा असला तरी. हुतात्मा स्मृती मंदिर नाट्यगृहाच्या शेवटच्या रांगेपर्यंत आवाज न ओरडता पोहोचवता आला की माइकसमोर तो कमी करणं सोपं जातं; उलटं फार कठीण. घरी रोज कुणाकडून तरी एक अनोळखी पान घ्यावं, पंधरा मिनिटांत पाठ करावं आणि मोबाइलसमोर बोलावं. तीन महिने. ऑडिशनचा व्हिडिओही तसाच पाठवायचा असतो: साधी भिंत, खिडकीचा उजेड, नाव, वय, उंची, गाव, डावी-उजवी बाजू, मग सीन. मोबाइल आडवा धरायचा की उभा ते ते सांगतात. मेकअप कमी. यासाठी ३५,००० काय, ३५ रुपये लागत नाहीत.

परीक्षा झाल्यावर सहा महिने पुरतील एवढे पैसे तिच्या नावावर बाजूला ठेवून मगच मुंबई. ते पैसे संपायच्या आत काम मिळालं नाही तर परत येऊन डबिंग, नाटक, नोकरी काहीही, आणि पुन्हा जायचं. परत येणं म्हणजे हरणं असं घरातल्या कुणी तिला बोलून दाखवलं नाही, तर ती दुसऱ्यांदा जाऊ शकेल. मी चौथ्या खेपेला टिकले.

वडिलांच्या अबोल्याचं मी काय सांगणार. माझ्या वडिलांनी पहिला भाग शेजाऱ्यांकडं बघितला, घरी टीव्ही असूनही. त्यांना विचारा की त्यांची भीती पैशाची आहे, की लोकांची, की पोरीच्या जिवाची. तिन्हींची उत्तरं वेगळी आहेत.

पहिल्या खेपेला तुम्ही सोबत जा. सिद्धेश्वर एक्सप्रेसनं रात्री निघालं की सकाळी मुंबई, दिवसभरात दोन ऑडिशन आणि ज्या भागात राहायचं तिथल्या चार खोल्या बघून त्याच गाडीनं परत. लॉजचा खर्च वाचतो. बरोबर कडक भाकरी आणि शेंगा चटणी जरा जास्त द्या. आठवडाभर काही होत नाही त्याला. आणि सेटवर डबा उघडला की लाइटवाल्या दादांपासून दिग्दर्शकापर्यंत सगळे हात पुढं करतात. माझी पहिली ओळख सेटवर तशीच झाली होती. कितीतरी दिवस मला नावानं कुणी हाक मारत नव्हतं, 'चटणीवाली' म्हणायचे.